जितांच्या नाण्यांवर जेत्याची मुद्रा



नाशिक जिल्ह्यात गोदावरीच्या काठी जोगळटेंभी नावाचे गाव आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा उजेडात आला. सुमारे १३,२५० नाण्यांचा हा साठा मुळात एकाच राजाचा, क्षहरात क्षत्रप नहपान याचा होता. परंतु त्यांपैकी ९,२७० नाण्यांवर, म्हणजे दर दहांपैकी सातांवर, सातवाहन नृपती गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा नव्याने उमटविलेला आढळला.

नहपानाच्या मूळ नाण्याच्या एका बाजूस त्याचा मुखवटा व ग्रीक अक्षरे असून, दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख आहे. त्यावर गौतमीपुत्राने तीन कमानींचा पर्वत, त्याखाली नागमोडी रेषा, आपले नाव आणि उज्जयिनी चिन्ह ठोकले. जुना ठसा मात्र सर्वस्वी पुसला गेला नाही. नव्या चिन्हाच्या कडेने नहपानाचे नाक, एखादे ग्रीक अक्षर अजूनही डोकावते. खालचा ठसा आधीचा व वरचा नंतरचा, हे सांगण्यास अन्य पुरावा लागत नाही. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीच्या शिलालेखाने आपल्या पुत्राला क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हटले आहे. मातेच्या या गौरवोक्तीला नाण्यांनी दुजोरा दिला.

शत्रूचा मुखवटा असलेली नाणी वितळवून नवी पाडणे राजाला अशक्य नव्हते. मग त्याने हा मार्ग का पत्करला असावा? नाण्याची चांदी व वजन आधीच सिद्ध असते. केवळ ठसा बदलला की काम भागते. श्रम व इंधन वाचते, आणि लोकांच्या हातचा पैसाही फार काळ अडकून पडत नाही.

तो पैसा कोणत्या कामी येत असे, हे त्याच लेण्यांतील दुसऱ्या एका लेखावरून कळते. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांतील २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज ठरले. वर्षाचे २४० कार्षापण होत. त्यांतून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा मिळावयाचे. राज्य पालटले म्हणून असा पैसा एका रात्रीत निरुपयोगी ठरता, तर जेत्याच्या नव्या प्रजेचेच व्यवहार कोलमडले असते. जोगळटेंभीच्या साठ्यात ठसा न बदललेली सुमारे चार हजार नाणीही ठसा बदललेल्यांच्या सोबतच होती. तेव्हा जुन्या नाण्यांचेही मोल टिकून असावे, असे दिसते.

ही प्रथा केवळ आपल्याकडची नव्हे. इ. स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली यहुद्यांनी रोमन सत्तेविरुद्ध उठाव केला. त्यांनी चलनातील चांदीची व काशाची नाणी घेतली आणि त्यांवर आपले ठसे मारले. काशाच्या नाण्यांवरील जुनी चित्रे पुष्कळदा आधी कानशीने घासून टाकीत. सम्राटाच्या मुखवट्याच्या जागी ताडवृक्ष, द्राक्षवेलीचे पान आणि मुक्तीची घोषणा आली. तरीही कित्येक नाण्यांवर रोमन अक्षरे अंधुकपणे उरलीच. तेथे विजयी राजा नव्हे, तर स्वातंत्र्यासाठी झगडणारा समाज आपले अस्तित्व नाण्यांवर कोरीत होता.

अशा नाण्याचे मोल त्याच्या धातूत नसते. खालच्या पुसट रेषेत ते असते. आम्लाने घासून चकचकीत केलेले नाणे ती रेषा गमावते. सोनाराच्या मुशीत गेलेले नाणे तर सारेच गमावते. साठा वाटून घेतला गेला, तर किती नाण्यांवर ठसा होता व किती कोरी राहिली, हे प्रमाणही कायमचे हरपते. जोगळटेंभीची नाणी मोजली गेली, म्हणूनच दहांपैकी सात हा आकडा आज हाती आहे.

नांगराच्या फाळाला वा घराच्या पायाला लागलेले गाडगे म्हणूनच जसेच्या तसे ठेवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. कायदा तर पाळावाच. पण त्या मातीमाखल्या नाण्यांत आपल्याच भूमीची दोन राज्ये एकावर एक निजलेली असू शकतात, याचेही भान असावे.