रुंद पायाचा जोडा

बंगळूर शहरातून उत्तरेकडे हैदराबादच्या रस्त्याला लागले की सुमारे चाळीस किलोमीटरवर देवनहळ्ळी येते. टिपू सुलतान जेथे जन्मला तो किल्ला आणि चक्कोता या नावाने प्रसिद्ध असलेले पपनस, एवढीच या गावाची जुनी ओळख होती. २००८ साली येथे बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला आणि गावाचा चेहरा पालटला. मळ्यांच्या जागी उंच इमारती उठल्या आणि त्यांत नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी बिऱ्हाडेही थाटली गेली. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या मुलखाला मराठी माणूस परका नाही. त्या वेळी तो घोड्यावरून आला, आता विमानातून उतरतो, इतकाच काय तो फरक.

अशा एखाद्या इमारतीच्या गच्चीवर पहाटे जे दृश्य दिसावे, ते आता कोणत्याही मोठ्या शहरात परिचयाचे झाले आहे. दहाबारा माणसे, बहुतेक चाळिशीच्या अलीकडची-पलीकडची, घंटेच्या इशाऱ्यासरशी जोराने उड्या मारू लागतात, वीस सेकंदांनी थांबतात, धापा टाकतात, आणि दहा सेकंद सरताच पुन्हा जमिनीला हात टेकून उसळी घेतात. चार मिनिटांत घामाच्या धारा लागतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला वेळ थोडा असतो, आणि थोड्या वेळात पुष्कळ श्रम घडवणारा हा व्यायाम त्याच्या सोयीचा ठरतो. मात्र या मंडळींच्या पायांकडे पाहिले तर काय दिसते? कोणी सकाळच्या फेरफटक्याचा झिजलेला जोडा घातलेला असतो, कोणी लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी हौसेने घेतलेला जाड तळाचा. आणि एखादी गृहिणी मुलाला लहान झालेल्या बुटांत पाय सरकवून आलेली असते. व्यायाम कोणता करावा याचा विचार पुष्कळ झालेला असतो, तो कशावर उभे राहून करावा याचा मात्र राहून गेलेला असतो.

हा व्यायाम दिसतो तितका नवा नाही. श्रम आणि विसावा यांचे तुकडे एकाआड एक गुंफण्याची कल्पना १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर या शिक्षकाने आणि हर्बर्ट राइंडेल या हृदयतज्ज्ञाने पद्धतशीर मांडली. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे आठशे मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत तोडले, आणि तो विक्रम सोळा वर्षे कोणाला मोडता आला नाही. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने चारशे मीटरच्या धावांची आवर्तने करण्याचा सपाटाच लावला. तो सरावाला लष्करी बूट घालून धावत असे, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर व मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. गच्चीवरच्या वीस आणि दहा सेकंदांच्या हिशेबाचे मूळ मात्र जपानात आहे. बर्फावर स्केटिंग करणाऱ्या खेळाडूंच्या सरावातली ही रीत इझुमी ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने तपासली व १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा आठवड्यांच्या अशा व्यायामाने दम आणि झटक्याची ताकद ही दोन्ही वाढतात, असे त्यांना आढळले.

झाटोपेकच्या लष्करी बुटांचा दाखला देऊन कोणी म्हणेल की मग जोड्याचे एवढे स्तोम कशाला? पण झाटोपेक धावत होता, आणि तो सरळ पुढे धावत होता. गच्चीवरच्या व्यायामात धावणे थोडे. उडी, कलाटणी, अचानक थांबणे आणि बाजूला झेपावणे हेच फार. खरी गोम येथे आहे.

देवनहळ्ळीच्या परिसरातच, विमानतळापासून जवळ, क्रिकेट नियामक मंडळाचे नवे प्रशिक्षण केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये उघडले. राष्ट्रीय क्रिकेट अकादमी पूर्वी शहरातल्या चिन्नस्वामी मैदानावर होती, आणि बंगळुरी मराठी घरात वाढलेले राहुल द्रविड २०१९ ते २०२१ या काळात तिचे प्रमुख होते. (या नव्या केंद्राच्या मुख्य मैदानातील खेळपट्ट्यांसाठी मुंबईकडची तांबडी माती नेली आहे, ही गोष्ट मराठी श्रोत्याला गंमतीची वाटेल.) क्रिकेटपटूंची ‘यो-यो’ नावाची चाचणी आता सर्वांना ऐकून ठाऊक आहे. वीस मीटर धावायचे, रेषेवर पाय रोवून वळायचे, परत यायचे, दहा सेकंद विसावा, आणि पुन्हा त्याहून वेगाने. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी ही चाचणी बसवली. ती पाहताना नजर साहजिकच वेगावर जाते, परंतु पायाची कसोटी लागते ती वळणावर. त्या एका क्षणी सारे अंग जुन्याच दिशेने जाऊ पाहते आणि एकट्या पावलाने त्याला आडवायचे असते.

धावण्याचा जोडा या क्षणासाठी बनवलेलाच नसतो. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीवर आदळतो. तो सोसण्यासाठी त्या जोड्याच्या टाचेखाली मऊ फेसाचा जाड थर असतो, आणि टाच चवड्यापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच ठेवलेली असते. सरळ जाणाऱ्याला हा थर सुखाचा. पण आडव्या झेपेत तोच थर एका कडेला दबतो, पाऊल उंचवट्यावरून कलंडते आणि घोटा आतल्या बाजूस मुडपतो. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला पुढल्या बाजूस जो अस्थिबंध असतो, तो अशा वेळी सर्वांत आधी ताणला किंवा फाटला जातो. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक. विशीतल्या खेळाडूपाशी डॉक्टर, मालिश करणारा आणि वेळ हे तिन्ही असतात. चाळिशीतल्या माणसापाशी असते महिन्याभराची लंगडती चाल, आणि त्यानंतर बहुधा व्यायामाला कायमचा रामराम. ज्या रक्तदाबासाठी किंवा मधुमेहासाठी त्याने हा खटाटोप आरंभला, ती दुखणी मात्र त्याच्यापाशीच राहतात.

म्हणून या व्यायामासाठी जोडा हवा तो बसका, तळ पसरट आणि घट्ट असलेला. टाच व चवडा यांच्या उंचीत चार-पाच मिलिमीटरांहून अधिक अंतर नसावे. कापड बाजूंनी मजबूत असावे, म्हणजे आडव्या जोराने पाऊल तळावरून बाहेर ढळत नाही. जोडा हातात घेऊन वाकवला तर तो बोटांच्या मुळाशी वाकावा. मध्यावर दुमडणारा जोडा तेथेच ठेवून द्यावा. जोडा पिळून पाहावा. ओल्या पंचासारखा पिळला गेला तर तो उड्यांच्या कामाचा नाही. १९८७ साली अमेरिकेत टिंकर हॅटफील्ड या आरेखकाने अशा मिश्र व्यायामासाठी जोडा आखला. व्यायामशाळेत येणारे लोक धावण्याच्या, टेनिसच्या आणि वजने उचलण्याच्या वेगवेगळ्या जोड्यांचे ओझे वाहतात, हे पाहून त्याला ती कल्पना सुचली होती. आज बहुतेक कंपन्या ‘ट्रेनिंग शूज’ म्हणून जो प्रकार विकतात, तो याच वंशातला.

येथवरचे कोणत्याही देशातल्या माणसाला लागू आहे. भारतीय पायाची अडचण त्याच्यापुढे सुरू होते.

आपल्याकडे बुटांचे क्रमांक आले ते इंग्रजांबरोबर. त्या मोजणीत एक क्रमांक म्हणजे एक तृतीयांश इंच, पूर्वीच्या हिशेबाने एका जवाच्या दाण्याची लांबी. ही मोजणी लांबीची आहे, रुंदीचा तिच्यात पत्ता नाही. रुंदी ठरते ती ज्या साच्यावर जोडा चढवतात त्या फर्म्यावरून, आणि जगाच्या बाजारातले बहुतेक फर्मे परदेशी पायांच्या मापाने घडलेले असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१ च्या डिसेंबरपासून २०२२ च्या मार्चपर्यंत देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले यंत्राने मोजली. भारतीय पाऊल युरोपीय व अमेरिकी पावलापेक्षा रुंद असते, असा निष्कर्ष निघाला आणि त्यावरून ‘भा’ या नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. त्याआधी २००९ साली क्रिस्तियान द’आउत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या अनवाणी चालणाऱ्या लोकांची पावले तपासली होती. त्यांची पावले पसरट होती आणि चालताना भार साऱ्या तळव्यावर अधिक समपणे वाटला जात होता. जन्मभर बुटांत राहिलेल्या पाश्चात्त्य पावलांत तोच भार टाचेवर व चवड्याच्या काही बिंदूंवर एकवटलेला आढळला. ज्यांचे बालपण अनवाणी किंवा उघड्या चपलेत गेले, त्यांची बोटे ऐसपैस पसरलेली असावीत यात नवल नाही.

असा पाय घेऊन माणूस दुकानात जातो. सात क्रमांकाचा जोडा चवड्यावर आवळतो, म्हणून विक्रेता आठ आणून देतो. आठाने आवळणे थांबते, गिऱ्हाईक समाधान पावते, आणि चूक नेमकी येथेच घडते. त्याने रुंदी विकत घ्यायची ती लांबी विकत घेतली. ऑफिसात किंवा लग्नसमारंभात ती खपून जाते. सरळ धावतानाही थोडी जागा पुढे असावी असेच जाणकार सांगतात. पण वळणावर किंवा उडीनंतर त्या मोकळ्या जागेत पाऊल पुढे सरकते, अंगठ्याचे नख आदळून काळेनिळे होते, टाच मागून उचलली जाते. शिवाय जोडा जेथे वाकायचा ती रेषा बोटांच्या मुळांपुढे जाऊन पडते. एवढे झाल्यावर घोट्याला आधार कोणाचा?

यावर उपाय अवघड नाही. घरी कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहावे आणि पेन्सिलीने पावलाची रेघ काढून घ्यावी. दुकानात जोड्याच्या आतली गादी काढून त्या आकृतीवर ठेवावी. आकृती कडेने बाहेर डोकावत असेल, तर तो जोडा कितीही सुंदर असला तरी आपला नव्हे. काही कंपन्या एकाच क्रमांकात दोन-तीन रुंदीचे जोडे काढतात आणि इंग्रजी अक्षरांनी ते दाखवतात. पुरुषांत ‘डी’ ही सर्वसाधारण रुंदी, तर ‘दोन ई’ व ‘चार ई’ अधिक रुंद. स्त्रियांची सर्वसाधारण रुंदी ‘बी’ धरली जाते, त्यामुळे रुंद पावलाच्या स्त्रीला पुष्कळदा पुरुषांचा लहान क्रमांक अधिक चांगला बसतो. टाच मात्र स्त्रियांची चवड्याच्या मानाने निमुळती असते, तेव्हा मागची पकड तिने अवश्य तपासावी. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मोजे नेहमीचेच घालावेत. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून किंचित मोठा असतो, त्याला मान द्यावा. आणि दुकानात चार पावले चालून भागत नाही. चार उड्या माराव्यात, दोन्ही बाजूंना झेपावून पाहावे. लोक हसतील, हसू द्यावे.

तळव्याची कमान पाहून अमुक पायाला अमुक जोडा असे सांगणारे तज्ज्ञही दुकानांत भेटतात. अमेरिकेच्या सैन्यदलांतील शिकाऊ सैनिकांना तळव्याच्या आकारावरून जोडे वाटून २००९-१० च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर तपास झाला, तेव्हा त्या वाटणीने दुखापती कमी झाल्याचे दिसले नाही. कॅल्गरी येथील बेनो निग्ग या अभ्यासकाने २०१५ साली असे मांडले की पायाला जो जोडा सुखकर वाटतो, त्याची निवड शरीर आपल्या चालीला अनुसरूनच करते. विक्रेत्याच्या यंत्रापेक्षा आपल्या चवड्याची साक्ष मोलाची, असा त्याचा अर्थ घ्यायला हरकत नाही.

मग तालमीतले पैलवान? ते तर शतकानुशतके अनवाणी जोर-बैठका काढीत आले. खरे आहे, पण त्यांच्या पायांखाली तेल, ताक, हळद मिसळून मऊ केलेली तांबडी माती होती. गच्चीवर असते सिमेंट किंवा फरशी. ज्याला बिनबुटाचा व्यायाम करावयाचा असेल त्याने आधी जमीन बदलावी, निदान जाड रबरी चटई अंथरावी, आणि उड्या आठवड्या-आठवड्याने वाढवाव्यात. चटई फार मऊ झाली तर घोट्याची तीच पूर्वीची कथा.

नाडीच्या भोकांपैकी घोट्याजवळचे शेवटचे भोक बहुतेक जण मोकळे सोडतात. त्यातून नाडी ओवून त्याच बाजूला एक लहान फास ठेवला आणि समोरच्या बाजूची नाडी त्यातून काढून आवळली, की टाच जागच्या जागी बसते. जोड्याचा फेस दबून त्यावर आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या, किंवा सपाट टेबलावर ठेवला असता तो एका अंगाला कलू लागला, म्हणजे त्याला गच्चीवरून रजा द्यावी. बाजारातून कोथिंबीर आणण्यापुरता तो आणखी दोन वर्षे सहज चालतो.