इशारा पाळण्याची किंमत



मे महिन्याचा मध्य हा वसईच्या किनारपट्टीवर मोठ्या घाईचा काळ असतो. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीवर दोन महिन्यांची बंदी लागू होते. तत्पूर्वीच्या दोन-तीन फेऱ्यांतून जे हाती येईल त्यावर पावसाळ्याचा संसार काढावयाचा असतो. अर्नाळ्याच्या आणि पाचूबंदरच्या वाळूवर वलांडी उभ्या असतात, त्यांवर बोंबील सुकत असतात. मिठागरांत मिठाच्या राशी लागलेल्या असतात आणि पहिल्या सरीपूर्वी त्या झाकण्याची धडपड चाललेली असते. आगाशीच्या बाजूच्या वाड्यांत केळीचे लोंगर भरत आलेले असतात. वर्षभराच्या श्रमाचे फळ उघड्यावर, असुरक्षित अवस्थेत पडलेले असते ते नेमके याच पंधरवड्यात.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेले. त्याचे नाव म्यानमारने दिलेले होते आणि त्याचा अर्थ पाल असा होतो. ते वसईवर आदळले नाही. त्याचा केंद्रबिंदू किनाऱ्यापासून बराच दूर, खोल समुद्रात होता, आणि त्याच रात्री ते सौराष्ट्रात उना व दीव यांच्या परिसरात जमिनीवर चढले. तरीही कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरांहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले आणि सांताक्रूझ येथे चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला. वसई-विरारमध्ये झाडे व विजेचे खांब कोसळले, कित्येक वस्त्या दिवसेंदिवस अंधारात राहिल्या, केळी आडव्या झाल्या, पानवेलीचे मांडव बसले, वलांडीवरची मासळी कुजली आणि राशींतले मीठ विरघळून गेले. महासाथीची दुसरी लाट तेव्हा ओसरलेली नव्हती. प्राणवायूवर असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी ती रात्र कशी काढली असेल याची कल्पना करता येते.

त्यापूर्वी वर्षभर आधी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळ येणार म्हणून याच किनाऱ्यावर पूर्वतयारी झाली होती. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील हजारो माणसे शाळांतून व सभागृहांतून हलविण्यात आली, समुद्रातल्या होड्या परत बोलाविण्यात आल्या, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या तैनात झाल्या. वादळ मात्र श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्याला लागले. रायगडच्या दक्षिण भागातील आणि दापोली-मंडणगडमधील नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, वसई बचावली.

वसई का बचावली, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. कारण या बचावाचे श्रेय पुष्कळांनी पूर्वतयारीला दिले आणि काहींनी गावदेवीला. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. पश्चिम किनाऱ्यावर समुद्राकडून येणारे वादळ ज्या जागी जमिनीवर चढते, तिच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर वारा समुद्रातून जमिनीकडे वाहतो आणि पाणी आत लोटतो. उत्तरेकडे तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. श्रीवर्धन वसईच्या दक्षिणेस सुमारे दीडशे किलोमीटर आहे. वसई त्या दिवशी वादळाच्या सौम्य बाजूस होती. हेच वादळ थोडे उत्तरेस सरकून डहाणूच्या बाजूस लागले असते, तर वैतरणेची आणि वसईची अशा दोन्ही खाड्या पाण्याने भरून आल्या असत्या. त्यातही भरतीची वेळ असती तर काय झाले असते, हे येथल्या तांडेलांना सांगावयास नको. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पातळीतील अंतर चार मीटरांच्या वर जाते. वादळाने लोटलेले पाणी ओहोटीवर आले तर वाळू भिजते, भरतीवर आले तर घरे बुडतात.

'आपल्याकडे अशी वादळे येत नाहीत' हे वाक्य या किनाऱ्यावर फार प्रिय आहे. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये मे १६१८ मधल्या, वसई आणि मुंबईच्या परिसरास झोडपून काढणाऱ्या वादळाची नोंद आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला असाच तडाखा बसला, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाने कोकणातले कित्येक मच्छीमार परत येऊ दिले नाहीत. (१८८२ साली मुंबईत वादळाने एक लाख माणसे मेल्याचे वारंवार छापले जाते. त्याला समकालीन आधार सापडत नाही. भयासाठी खोट्या दाखल्याची गरज नाही. खरे दाखले पुरेसे आहेत.) शिवाय अरबी समुद्र पूर्वीसारखा राहिलेला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात या समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. पाणी तापले की वादळाला इंधन मिळते, इतका हा साधा हिशेब आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इशारा देण्याच्या विद्येत भारताने केलेली प्रगती कोणीही नाकारू नये. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात आलेल्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्याच राज्यात २०१३ साली फायलीन आले तेव्हा जवळजवळ दहा लाख माणसे आधीच हलविण्यात आली आणि मृतांची संख्या काही दशकांवर थांबली. मधल्या चौदा वर्षांत तेथे किनाऱ्यावर पक्के निवारे उभे राहिले, गावागावांत स्वयंसेवकांची पथके तयार झाली. सार्वजनिक पैसा सार्वजनिक कामासाठी खर्च केला की काय होते याचे हे उदाहरण, सरकार म्हणजे निव्वळ अडथळा असे मानणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परंतु इशारा मिळणे ही एक गोष्ट आणि इशारा पाळता येणे ही दुसरी. या दोहोंमधले अंतर हवामानशास्त्राने भरून निघत नाही. ते अंतर माणसाच्या मालमत्तेचे, मजुरीचे आणि कर्जाचे आहे.

९ जून १९९८ रोजी कांडला बंदरावर वादळ आले तेव्हा अधिकृत आकड्यानुसार हजाराहून अधिक माणसे मेली. त्यांत मिठागरांतले आणि बंदरावरचे मजूर फार मोठ्या संख्येने होते. खाडीच्या पातळीवर झोपडी, आसपास उंच जागा नाही, जाण्यास वाहन नाही. अशा माणसाला वेळेवर इशारा मिळाला तरी तो जाणार कोठे? वसईतही हे दृश्य दुरून पाहावयास मिळाले आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत, वादळ नसतानाही, वसईच्या मिठागरांत शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली होती. मिठागरांतला मजूर बहुधा हंगामापुरता आलेला असतो. त्याचे नाव गावच्या कोणत्याच यादीत नसते, आणि यादीत नसलेल्याला हलविण्याची जबाबदारीही कोणावर नसते.

दुसरा दाखला तौक्तेच्याच दिवसाचा आहे. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाच्या तरंगत्या निवासी तराफ्यावर २६१ माणसे होती. वादळ येणार हे ठाऊक होते. किनाऱ्यावरच्या लहान होडीवाल्यालाही ते ठाऊक होते व तो परतला होता. तराफा मात्र सुरक्षित बंदरात आणला गेला नाही. नांगर तुटले, तराफा तेलफलाटावर आदळला आणि बुडाला. त्यावरची आणि सोबतच्या वरप्रदा या नौकेवरची मिळून ८६ माणसे मेली. पुढे चौकशी समिती नेमली गेली. या माणसांना इशारा पोहोचला नव्हता असे नाही. तो पाळावयाचा की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता. पाण्यावर काम करणाऱ्या कंत्राटी मजुराला धोका दिसताच कामावरून उतरण्याचा हक्क असला पाहिजे, ही मागणी कामगार चळवळीने ज्या जोराने लावून धरावयास हवी होती तशी धरली गेली नाही, हे कबूल करावे लागेल.

आता या दोहोंच्या उलट असलेला माणूस पाहा: इशारा मुकाट्याने पाळणारा वसईचा मच्छीमार. बावटा चढला, तांडेलाने होडी अर्ध्या वाटेवरून फिरविली. डिझेल जळले, बर्फ वितळला, शिधा संपला, खलाशांना दिलेली उचल तशीच राहिली, मासळी मात्र नाही. किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या व सुकविणाऱ्या बायांचे कामही त्या दिवसांपुरते बुडाले. होडी सुखरूप असल्याने तिचा पंचनामा होत नाही आणि माणूस जिवंत असल्याने त्याची बातमी होत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत, इशारा पाळण्याचा लाभ सर्व समाजाला मिळतो, कारण शोधमोहीम वाचते, तटरक्षक दलाचा खर्च वाचतो, सरकारची अब्रू वाचते. खर्च मात्र एकट्या होडीवाल्याच्या माथी बसतो. आणि वादळ २०२० प्रमाणे दुसरीकडेच गेले, तर त्याला आपण फसलो असे वाटते. पुढच्या खेपेला तो बावट्याकडे पाहून थोडा थांबतो. एकदा, दोनदा असा थांबतो आणि मग फयानसारखी रात्र येते. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो हिशेब आहे, आणि त्या हिशेबातली एक बाजू बदलणे सरकारच्या हाती आहे.

हे अशक्य नाही. मासेमारीबंदीच्या काळात तमिळनाडू सरकार मच्छीमार कुटुंबांना अर्थसाहाय्य देते; म्हणजे समाजाच्या हितासाठी माणसाला कामापासून रोखले तर त्याच्या चुलीची जबाबदारी समाजावर येते, हे तत्त्व मान्य झालेलेच आहे. केरळ सरकारने २०२१ च्या अखेरीस एक पाऊल पुढे टाकून, हवामानाच्या इशाऱ्यांमुळे बुडालेल्या दिवसांपोटी मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी ३००० रुपये दिले. रक्कम तुटपुंजी होती. तत्त्व मोलाचे होते. कोणती होडी कोणत्या दिवशी गेली आणि कधी परतली याचा हिशेब मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्यांपाशी असतो, तेव्हा महाराष्ट्रात अशी योजना राबविण्यास नवे खाते उघडावे लागणार नाही.

याउलट भरपाईची प्रचलित पद्धत पाहा. २०१५ ते २०२० या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांत पूर्णतः नष्ट झालेल्या होडीला ९६०० रुपये आणि पूर्णतः नष्ट झालेल्या जाळ्याला २६०० रुपये होते. या पैशांत होडीच्या यंत्राचा एखादा भाग येईल. राज्य सरकारने निसर्गच्या वेळी बागायतीचा दर वाढवून हेक्टरी ५० हजार केला आणि तौक्तेनंतर सुमारे २५२ कोटी रुपयांची मदत जाहीर केली, हे योग्यच झाले. परंतु दर वाढविला तरी जो यादीबाहेर आहे तो बाहेरच राहतो. होडीला दर आहे, जाळ्याला आहे, घराला आहे, फळझाडाला आहे. केंद्राच्या निकषांत वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांना दर नाही. ते बोंबील बहुतांशी बायांचे असतात. त्यांनी मासळी विकत घेऊन, कित्येकदा उसनवारी करून, सुकविण्यास घातलेली असते. तीच गत दुसऱ्याची वाडी तोंडी कराराने कसणाऱ्याची. सातबारावर त्याचे नाव नाही. मदत जमिनीच्या मालकाला मिळते आणि आडवी झालेली केळ कसणाऱ्याची असते.

शहराविषयी थोडक्यात सांगावयास हवे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली. ही माणसे राहावयास कोठे गेली? पुष्कळशी खाजणांत, पाणथळींत आणि भरावावर. भरतीचे व पावसाचे पाणी ज्या जमिनी पोटात घेत, त्याच प्रथम विकल्या गेल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले तेव्हा त्याला विकासविरोधी ठरविण्यात आले. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन लोकलगाड्या बंद पडल्या, तेव्हा त्या टीकाकारांपैकी कोणी पुढे येऊन काही बोलल्याचे दिसले नाही. त्या आंदोलनाला उपऱ्यांविरुद्धचे आंदोलन समजण्याची चूक मात्र कार्यकर्त्यांनी करू नये. भरावावरच्या चाळीत राहणारा कामगार हाही त्याच व्यवहाराचा बळी आहे; त्याने ती जागा निवडली नाही, ती त्याला परवडली.

राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात २०१५ पासून महाराष्ट्राचा समावेश होता. बहुउद्देशीय निवारे, भूमिगत वीजवाहिन्या आणि खारे पाणी अडविणारे बांध ही त्यातली कामे. त्यांतले आपल्या तालुक्याच्या वाट्याला काय आले, हे प्रत्येक शाखेने माहितीच्या अधिकारात विचारावे. मेपूर्वी गावोगाव दोन याद्या कराव्यात: एक, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, गरोदर स्त्रियांची आणि मिठागरांतल्या हंगामी कुटुंबांची, दुसरी, वलांडी घालणाऱ्या बायांची, त्यांच्या मालाच्या अंदाजासह. दोन्ही ग्रामसभेत वाचून तहसीलदारांच्या हाती पोच घेऊन द्याव्यात, म्हणजे पंचनाम्याच्या दिवशी वाद उरणार नाही. अर्नाळा किल्ल्याची यादी आधी करावी. ते बेट आहे, समुद्राने तेथली कित्येक घरे आधीच घेतली आहेत आणि ये-जा होडीनेच होते. वारा सुटल्यावर होडी लागत नाही. तेव्हा तेथल्या लोकांना हलविण्याचा हुकूम वादळाच्या चोवीस तास आधी नव्हे, त्याच्याही आधीच्या भरतीचा वेळ पाहून निघाला पाहिजे, आणि त्या फेऱ्यांचे डिझेल कोणी भरावयाचे हे त्याच हुकमात लिहिलेले असले पाहिजे.