दात्यांची सावली
(वार्षिक संमेलनात गोरेगाव येथे केलेले भाषण)



नेत्रदाते, अवयवदाते व देहदाते यांच्या स्मरणार्थ आपल्या संस्थेने गोरेगावात एक लहानसे उद्यान उभारावे, ही सूचना घेऊन आम्ही आपणापुढे उभे आहोत. तत्पूर्वी एक कबुली देणे अवश्य आहे.

मरणोत्तर आपले डोळे द्यावेत, अशी इच्छा आमच्या चुलत्यांनी आमच्यापाशी बोलून दाखविली होती. ते गेले त्या रात्री अंगणात मंडळी जमली. 'डोळ्यांवाचून परलोकीची वाट कशी दिसावी?' असे कोणी म्हणाले, आणि आम्ही मान खाली घालून बसलो. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते. उजाडले तेव्हा वेळ टळून गेली होती. दोष सर्वस्वी आमचा.

देह दिल्याने गती अडत असती, तर अस्थी देणाऱ्या दधीचींना आपण वंदन का केले असते? आड येतो तो धर्म नव्हे, आपला संकोच होय.

अवयवदानास १९९४ च्या कायद्याचा आधार आहे. मेंदूचा मृत्यू झाल्याचे चार वैद्यांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरविते; हे रुग्णालयातच घडते. नेत्रदान मात्र आपल्या ओसरीवरही होऊ शकते. पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके उशीने किंचित उंच करावे आणि नेत्रपेढीस त्वरित कळवावे. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचे नेत्रही चालतात.

आता उद्यान कशासाठी? ज्या घरच्या माणसाचे मूत्रपिंड दिले गेले, त्या घरास ते कोणाच्या देहात नांदते आहे हे सहसा सांगितले जात नाही. त्या मातेने पाहावे कोठे? तिला टेकण्यास एक झाड हवे. प्रत्येक दात्यामागे एक कडुनिंब, आवळा वा बेल लावावा, आणि पहिले उन्हाळे त्यास पाणी घालण्याचे काम आपल्या तरुणांनी अंगावर घ्यावे. देणगीदारांचे फलक तेथे नकोत.

आणखी एक. अवयव देताना रक्तगट, निकड व प्रतीक्षायादीतील क्रम पाहतात. ज्ञाती कोणी विचारीत नाही. तेव्हा उद्यान उभारणारी संस्था आपली असली, तरी त्यातील नावे केवळ आपली नसावीत. नामदेवरायांची नरसी ज्या जिल्ह्यात आहे, तेथे हे अधिक सांगणे नलगे.

त्या उद्यानात आमच्या चुलत्यांच्या नावे झाड लागणार नाही. त्यांची इच्छा होती. दान घडले नाही. आपल्या घरी असे न घडो. केवळ अर्ज भरून भागत नाही. अखेरीस संमती आप्तांनाच द्यावी लागते. म्हणून आज घरी गेल्यावर, पाने वाढली असता, आपली इच्छा सर्वांसमक्ष उच्चारावी. ऐकणाऱ्यांनी ती वेळेवर बोलून दाखवावी, इतकीच हात जोडून विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.