सातबाऱ्यावर माझं नाव

(चाळीसगाव येथे बचत गटांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दहा-बारा टी-शर्टसाठी छापणारा स्क्रीन बनवत नाही. मग कुणी पुढारी म्हणतो, "मी देतो की!" आणि आपल्या पाठीवर त्याचं नाव येतं. म्हणून या आठ मार्चला आम्ही घरच्या इस्त्रीवर टी-शर्ट केले. कसे, ते आधी सांगते.

टी-शर्ट सुती आणि फिक्या रंगाचा घ्या. पॉलिएस्टर कडक इस्त्रीला टिकत नाही. एकदा धुऊन वाळवा, म्हणजे खळ निघते. ट्रान्सफर पेपर घेताना तो कोणत्या प्रिंटरचा, फिक्या कपड्याचा की गडद, हे पाकिटावर पाहा. फिक्या कपड्याच्या कागदावर अक्षरं उलटी छापायची, आरशात दिसतात तशी. अक्षरांच्या कडेनं कागद कापा. टेबलावर सुती कापड पसरा. इस्त्रीत पाणी नको, वाफ नको. ती चांगली तापवून, पाकिटावर दिला असेल तितका वेळ, जोर देऊन दाबा. कडा विसरू नका. कागद गरम सोलायचा की गार, तेही पाकिटावर असतं. पुढं धुताना टी-शर्ट उलटा करा, गार पाण्यात धुवा, दगडावर धोपटू नका.

आम्ही अक्षरं उलटी छापायलाच विसरलो. "सातबाऱ्यावर माझं नाव" ही घोषणा छातीवर उलटी उमटली. एक मावशी म्हणाल्या, "बरं झालं, आरशात पाहून आधी आपणच वाचू." सगळ्या हसल्या. तेवढ्यात दुसरीनं मलाच विचारलं, "ताई, तुन्हं नाव शे का सातबारावर?"

नव्हतं. इतकी वर्षं चळवळीत आहे, पण माहेरी भावाला हक्कसोड लिहून दिलेलं आणि सासरची जमीन नवऱ्याच्या नावे. मग प्रत्येकीला विचारलं. नाव असलेल्या मोजक्याच निघाल्या, त्याही बहुतेक नवरा गेल्यावर वारस म्हणून लागलेल्या. आपल्या खानदेशात कापूस निंदतो आपण, वेचतो आपण. शेत मात्र त्याचं.

कायदा काय म्हणतो? हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना मुलांसारखा हक्क दिला. पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं विवाहित मुलीही आल्या. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी हा हक्क जन्मानंच मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. बायकोच्या नावे जमीन करण्यासाठी शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी आपणहून नावं लावली. म्हणजे हे होऊ शकतं.

त्या दिवशी आम्ही घोषणा बदलली नाही. पण ठरवलं, जी टी-शर्ट घालेल तिनं आधी आपल्या घरचा सातबारा काढून वाचायचा. दोघींच्या घरी त्यावरून भांडण झालं. एकीनं टी-शर्ट परत आणून दिला. तिला मी दोष देत नाही. रोज त्याच घरात तिला राहायचंय. तिच्याबरोबर तलाठ्याकडे जायचं काम आपलं आहे.

नऊवारीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, आम्ही काय टी-शर्ट घालायचा? त्यांना त्याच कागदानं सुती पिशव्या करून दिल्या. आता त्या पिशवीत सातबाऱ्याची नक्कल असते. तुम्ही पुढच्या बैठकीला येताना तुमची घेऊन या. मीही माझी आणते.