कुंभकोणमची गाळणी

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधल्या भूमीवर वसलेल्या कुंभकोणमचे नाव निघाले, की कोणाला तेथील गोपुरे आठवतात, कोणाला विड्याची पाने आठवतात. परंतु बहुतेकांच्या जिभेवर येते ती तेथील ‘डिग्री कॉफी’. या ‘डिग्री’चा उलगडा निरनिराळ्या रीतींनी केला जातो. कोणी म्हणतात, दुधात पाणी नाही हे दुग्धमापकाच्या अंशांवरून ठरत असे, त्यावरून हे नाव पडले. कोणी म्हणतात, ‘चिकरी’ या शब्दाचाच तो अपभ्रंश. तर कोणी पहिल्या काढ्याला पहिल्या प्रतीचा मान देतात. व्युत्पत्ती कोणतीही खरी असो, त्या पेल्याचे यश दुधावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते गाळण्यावर असते.

ही कॉफी तेथे पुरातन काळापासून आहे असा समज असेल, तर तो मात्र सोडून द्यावा लागेल. तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने त्या मुलखात जी मराठी घराणी स्थिरावली, त्यांपैकी एका घराण्यात, १८२८ साली, टी. माधवराव कुंभकोणमला जन्मले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. तमिळ मध्यमवर्गीय घरांत कॉफी रुळली ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी. तोवर रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवावे आणि सकाळी ते प्यावे, हाच अनेकांचा न्याहारीचा परिपाठ होता. दोनतीन पिढ्यांत मात्र कॉफीने असा अंमल बसविला, की पाहुण्याला कशी कॉफी मिळाली यावरून घराची पत ठरू लागली.

या कॉफीचे यंत्र म्हणजे एकावर एक बसणारी पितळेची किंवा पोलादाची दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात पूड घालावयाची, दांडा असलेली सच्छिद्र चकती तिच्यावर हलकेच टेकवावयाची, आणि उकळी येऊन नुकतेच शांत झालेले पाणी वरून ओतावयाचे. खालच्या भांड्यात थेंबाथेंबाने दाट काढा उतरतो. पाहणाऱ्याला वाटते, गाळण्याचे काम ती छिद्रे करतात. वस्तुतः कॉफीचा बारीक कण त्या छिद्रातून सहज निसटून जाईल. छिद्रांच्या तोंडाशी प्रथम जाडसर कण अडकतात, त्यांच्या कमानीवर त्यांहून लहान कण विसावतात, आणि अशा रीतीने पुडीचा थर स्वतःच गाळणी बनतो. पत्रा केवळ त्या थराला आधार देतो. सुरुवातीचे काही थेंब गढूळ असतात आणि मागून येणारे नितळ, याचे कारण हेच.

एवढे ध्यानात घेतले, म्हणजे जुन्या गृहिणींचे सगळे निर्बंध आपोआप उलगडतात. चकती दाबून बसवू नये. थर घट्ट झाला तर पाणी अडून राहते. सैलही ठेवू नये, कारण मग पाणी एखादी वाट शोधून धावत सुटते, आणि काढा फिका व गढूळ असा दोन्हीकडून बिघडतो. पाणी चकतीवरच पडले पाहिजे. तिचा उपयोग धारेचा जोर मोडण्यासाठी आहे. थेंब थांबले म्हणून चमच्याने ढवळणारा मनुष्य तर आपल्याच हाताने गाळणी उद्ध्वस्त करीत असतो. पुष्कळदा दोष पुडीत नसतोच. दोन भांडी एकमेकांत इतकी घट्ट बसलेली असतात, की खालची हवा कोंडून राहते. वरचे भांडे किंचित उचलले, की थेंब पुन्हा सुरू होतात.

पुडीत मिसळलेली चिकरी ही एका मुळाची भाजून केलेली भुकटी. भारतीय नियमांप्रमाणे अशा मिश्रणात निम्म्याहून अधिक, म्हणजे निदान ५१ टक्के, कॉफी असावी लागते. चिकरीत उत्तेजक द्रव्य नाही. परंतु पाणी शोषून ती फुगते, त्याचा वेग मंदावते आणि काढ्याला दाटपणा देते. काटकसरीखातर ती आली असे मानले, तरी गाळण्याच्या कामी तिचा हातभार लागतो, हे नाकबूल करता येणार नाही.

गाळ मागे ठेवण्याचा हा प्रश्न केवळ कॉफीचा नव्हे. युरोपात घरोघरी बिअर करणाऱ्यांनाही तो छळतो. जवाच्या मोडांचा गोड काढा ते हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात. तो थंड करण्यापूर्वी फुलांचा चोथा आणि उकळताना साकळलेली प्रथिने बाजूला काढावी लागतात, नाहीतर थंड करण्याच्या यंत्राच्या अरुंद वाटा तुंबतात. बारीक चाळणी लावली तर ती क्षणात बुजते. अख्खी फुले वापरली, तर त्यांचाच थर तळाशी बसून गाळणी होतो, अगदी कुंभकोणमच्या पुडीसारखा. फुलांच्या दाबलेल्या गोळ्या वापरणाऱ्यांना ती सोय नाही. त्यांच्यासाठी दुसरा उपाय आहे: काढा गोल गरगर फिरवून स्थिर होऊ द्यावयाचा, म्हणजे गाळ मध्यभागी ढिगासारखा जमतो आणि नितळ द्रव कडेने काढून घेता येतो. चहाच्या पेल्यात ढवळल्यावर पत्ती मध्यभागी का गोळा होते, याचे स्पष्टीकरण आइन्स्टाइनने १९२६ साली दिले. तळाशी घर्षणाने प्रवाह मंदावतो आणि आतल्या बाजूस वळतो. हेच कारण त्याने नद्यांच्या वळणांनाही लावले: बाहेरचा काठ खचतो, आतल्या काठाशी वाळू साचते. तेव्हा कावेरीच्या वळणावरची वाळू आणि पेल्यातली पत्ती यांचे नाते केवळ कविकल्पना नव्हे.

कॉफीला मात्र हा उपाय मानवत नाही, कारण तिचा गाळ नुसता दिसण्यात वाईट नसतो. काढ्यात उतरलेला बारीक कण गरम द्रवात पडून राहतो आणि आपला कडवटपणा सोडत राहतो. सकाळी सहाला गोड वाटलेला काढा आठला कडू लागतो, तो पुष्कळ अंशी त्याच्यामुळे. तोच काढा विस्तवावर पुन्हा उकळणे म्हणजे उरलेसुरले मातीत घालणे. ऊब हवी ती उकळत्या दुधाकडून घ्यावी.

अलीकडे तमिळनाडूच्या महामार्गांवर ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पाट्यांची रांग लागली आहे. तेथे चकचकीत पितळी टंबलर आणि दवरा मिळतो, आणि प्रवाशाला परंपरा प्यायल्याचे समाधानही मिळते. पितळेचे हे माहात्म्य जरा अतिरेकीच म्हणावे लागेल. आतून कल्हई असेल तर पितळ चवीत काही घालत नाही, आणि कल्हई उडालेल्या भांड्यात आंबटसर काढा ठेवणे धोक्याचे. बुजलेली छिद्रे मोकळी करण्यासाठी पोलादी गाळणी विस्तवावर धरतात. कल्हईच्या भांड्याला तोही मार्ग बंद, कारण कथील २३२ अंशांना वितळते. जे जपावयाचे ते भांड्यात नाही, अर्ध्या तासाच्या त्या वाट पाहण्यात आहे. आणि गर्दीच्या दुकानाला नेमकी तीच परवडत नाही. झटपट विरघळणाऱ्या भुकटीने तर गाळणीचे कामच काढून टाकले.

घरातली जाणती बाई काढा उतरल्यावर वरचे भांडे लगेच धूत नाही. आधी चकती उचलून आत पाहते. थर सपाट आणि सर्वत्र सारखा ओला असला, तर दुसऱ्या पाण्याचा पातळ काढा त्यातून अजून निघेल. मध्येच खळगा पडलेला दिसला, तर पाणी तेवढ्या एका वाटेने पळून गेले आहे, आणि बाजूची पूड जवळजवळ कोरडीच राहिली आहे.