आधी नोंद, मग समेट



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे युनियनचे कार्यालय आणि सार्वजनिक वाचनालय. शिक्षणावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? पण ‘समेट’ हा शब्द माझ्या धंद्यातला आहे. म्हणून कॅनडातील एका समेटाविषयी चार शब्द बोलतो.

एका कारखान्यात प्रेस मशीनवर आमच्या कामगाराची तीन बोटे गेली. मशीनला गार्ड नव्हता. अपघाताच्या वहीत मात्र लिहिले होते, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. मालक म्हणाले, झाले गेले विसरा, भरपाई घ्या. कामगार मला म्हणाला, “दादा, पैसे मागाहून. आधी ते वाक्य खोडायला सांगा. उद्या माझा पोरगा वाचील.”

कॅनडाची वही अशीच होती. १८८३ पासून तेथील सरकारने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभारल्या. चालवल्या बहुतेक चर्चसंस्थांनी. सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून तेथे ठेवली गेली. घरची भाषा बोलली की शिक्षा. १९०७ साली सरकारच्याच डॉ. पीटर ब्राइस यांनी ही मुले क्षयाने कशी मरतात ते आकड्यांनिशी लिहून दिले. अहवाल बासनात गेला. शेवटची शाळा बंद व्हायला १९९० चे दशक सरत आले. इतर मुलांच्या पाठ्यपुस्तकांत मात्र याविषयी फार काळ जवळजवळ काहीच नव्हते.

हे बदलले ते कोणाच्या कृपेने नव्हे. त्या शाळांतून वाचलेली माणसे एकजुटीने कोर्टात गेली. २००७ साली करार अमलात आला, त्यातून ‘सत्य आणि समेट आयोग’ निघाला. शब्दांचा क्रम पाहा, सत्य आधी! मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने २०१५ साली ९४ कलमे मांडली. आम्ही त्याला मागणीपत्र म्हणू. ६२ वे कलम सांगते, बालवाडीपासून बारावीपर्यंत प्रत्येक मुलाला हा इतिहास सक्तीने शिकवा, आणि तो त्या समाजांशी सल्लामसलत करून ठरवा. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२३-२४ पासून मूळ रहिवाशांविषयीचा अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून शालान्त प्रमाणपत्र मिळत नाही.

कोणी म्हणेल, कोवळ्या पोरांना हे दुःख कशाला? फिलिस वेब्स्टॅड सहा वर्षांची होती. १९७३ साली आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी सदरा घालून ती अशा शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, पुन्हा दिला नाही. २०१३ पासून ३० सप्टेंबरला मुले तिच्या आठवणीने नारिंगी सदरे घालतात. सदरा हिरावला जाणे म्हणजे काय, हे सहा वर्षांच्या मुलाला पुरते कळते. मात्र सदऱ्यावरच थांबू नये. मोठ्या वर्गांत ब्राइसचा अहवालही उघडला पाहिजे.

आजच्या मुलाचा यात गुन्हा नाही. पण वही आता त्याच्या हाती आली आहे.

आमच्या बैठकीत शेवटी ते वाक्य खोडले गेले आणि ‘मशीनला गार्ड नव्हता’ असे लिहिले गेले. पुढचा समेट व्हायला दहा मिनिटे पुरली.