गंजाची ऊब

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही निफाड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. आज कर्जाचं किंवा हप्त्यांचं काही सांगणार नाही. आमच्या पोरींनी शाळेत एक प्रयोग केला, त्याची गोष्ट सांगायची आहे. कारण तो प्रयोग आमच्याच हातांसाठी होता.

आमच्याकडची थंडी तुम्ही बातम्यांत ऐकलीच असेल. एखाद्या हिवाळ्यात पारा पाच अंशांच्याही खाली जातो, आणि नेमकी तेव्हाच उन्हाळ कांद्याची लागवड असते. दवानं भिजलेलं रोप सकाळी उपटायचं आणि मग पाणी भरलेल्या वाफ्यात वाकून एकेक काडी लावायची. काम उक्तं, थांबून चालत नाही. तासाभरात बोटं अशी बधिर होतात की काडी हातात आहे की पडली, तेही कळत नाही. आमच्या आक्कांना तर घरी आल्यावर काडेपेटीची काडीसुद्धा धरता येत नाही.

नववीतल्या चार मुलींना विज्ञान प्रदर्शनासाठी विषय हवा होता. त्यातल्या दोघी सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर लागवडीला येतात. त्यांनी मॅडमना विचारलं, "जाळ न करता हात शेकता येतील का?" मॅडम म्हणाल्या, "येतील. कसे, ते तुम्हीच शोधा."

पहिली कल्पना आमचीच होती. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो कसा रटरटतो, हे आपण घर सारवता-रंगवताना पाहिलेलं असतं. पण मॅडमनी तिथंच अडवलं. तो चुना कातडी जाळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून चुना बाद.

मग मॅडमनी विचारलं, "तवा गंजतो, तेव्हा काय होतं?" आम्ही म्हटलं, "तवा खराब होतो." त्या हसल्या. लोखंड, हवा आणि ओल एकत्र आली की गंज धरतो, आणि गंज धरताना उष्णता बाहेर पडते. पण तव्याला गंजायला दिवसच्या दिवस लागतात, म्हणून ती ऊब हाताला कळत नाही. तेच काम काही मिनिटांत करून घेतलं तर? लोखंडाचा बारीक कीस केला की हवेला लागणारी बाजू कितीतरी वाढते आणि गंज भराभर धरतो.

मुलींनी आधी लेथवाल्याकडून कीस आणला. काहीच झालं नाही. तो तेलकट होता. आपण विळ्याला तेल कशाला लावतो? गंज चढू नये म्हणूनच ना! मग शाळेतला, चुंबकाच्या प्रयोगाचा कोरडा, बारीक लोहकीस घेतला.

त्यांनी चार पुड्या केल्या. प्रत्येकीत २५ ग्रॅम लोहकीस, चमचाभर लाकडाचा भुसा आणि एक छोटा चमचा पाणी. पहिलीत एवढंच. दुसरीत वर एक ग्रॅम मीठ. तिसरीत मीठ आणि कोळशाची पूड. चौथी अगदी तिसरीसारखीच, पण हवा काढून प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेली. मॅडमचं सांगणं एकच होतं, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

पहिली पुडी गारच राहिली. दुसरी कोमट झाली. मिठाच्या डब्याचं झाकण लवकर गंजतं, तसंच हे. तिसरी मात्र छान तापली, थर्मामीटर ४३ अंशांवर गेला. कोळशाला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यात हवा आणि ओल धरून राहते. भुसा ओल आणि ऊब दोन्ही लगेच निसटू देत नाही. चौथी पुडी थंड पडली होती. ती उघडून हलवली आणि ती तापायला लागली! हवेवाचून गंज नाही, हे पोरींनी डोळ्यांनी पाहिलं. तयार पुडी वापरेपर्यंत हवाबंद का ठेवायची, तेही त्यातूनच कळलं.

शिवण आमच्याकडे होतं. जुन्या सुती लुगड्याच्या दुहेरी कापडाच्या पट्ट्या शिवून आम्ही त्या मनगटाला बांधल्या आणि वाफ्यात उतरलो. दहा मिनिटांत पट्ट्या गार! वाफ्यातलं पाणी आत शिरलं होतं. थोडी ओल हवी असते, पण चिंब झालं की हवा आत जात नाही. मुली हिरमुसल्या. आक्का म्हणाल्या, "अगं, हात चिखलात असताना शेकायचं कशाला? वाफा संपला की हात पुसायचे आणि मग धरायचं." झालं! पट्टीऐवजी कमरेला खोचायचा बटवा शिवला. तो चहाच्या सुट्टीपर्यंत उबदार राहिला.

कुणाला करून पाहायचं असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा. पुडी उघड्या कातडीवर ठेवू नका आणि एका जागी फार वेळ धरू नका. साखरेच्या आजारानं ज्यांच्या हातापायांना संवेदना कमी आहे त्यांनी, आणि लहान बाळांसाठी, ती वापरूच नका. लोखंडाची बारीक पूड जाळापासून लांब ठेवा. वापरलेली पुडी पूर्ण गार झाल्यावरच टाका.

प्रदर्शनाला जायच्या आधी आक्कांनी विचारलं, "हा उद्या परत तापेल का?" नाही तापणार. लोखंड एकदा गंजलं की संपलं. बाजारात दुसऱ्या तऱ्हेची पिशवी मिळते. तिच्यात सोडियम ॲसिटेटचं घट्ट द्रावण असतं. आतली चकती दाबली की ते गोठतं आणि गोठताना तापतं. पिशवी उकळत्या पाण्यात ठेवली की आतलं पुन्हा पातळ होतं, आणि गार झाल्यावर ती परत वापरता येते. पुढच्या वर्षी मुलींना तेच करायचं आहे.

आता शेवटचं. प्रयोगाच्या नादात मुलींनी थर्मामीटर वाफ्यातही बुडवला. सकाळी सातला ११ अंश, साडेनऊला १७. हे आकडे वहीत लिहून आम्ही मळेवाल्या दादांकडे गेलो. म्हटलं, "रात्रीच्या विजेवर पाणी भरून झालेलंच असतं. आम्ही ऊन पडल्यावर उतरतो, दिवसाचं काम दिवसातच संपवून देतो." "थंडी वाजते" असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो, तेव्हा ते हसून सोडून द्यायचे. या वेळी त्यांनी वही हातात घेतली, दोनदा वाचली आणि हो म्हणाले.

म्हणून सांगतो, मैत्रिणींनो, पोरीनं शाळेतून येऊन घरातलं लोखंड, मीठ, कोळसा मागितला तर रागावू नका. काय करतेस ते विचारा, आणि तुमची अडचणही तिला सांगा.

बटवा दुपारी गार होतो. पण आम्ही आता ऊन पडल्यावर वाफ्यात उतरतो.